मावळातील प्रायश्चित्तकाळ

यंदा फेब्रुवारीच्या मध्यावर तीन धर्मांची उपवासाची वेळ एकाच सुमारास येऊन ठेपली. रविवारी, १५ तारखेस, महाशिवरात्र झाली आणि नसरापूरच्या बनेश्वरापासून रायरेश्वराच्या पठारापर्यंत आमच्या मुलुखातील शिवालयांतून दिवसभर उपवासकऱ्यांचा राबता राहिला. बुधवारी, १८ तारखेस, कॅथॉलिक ख्रिस्ती मंडळींनी गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेल्या राखेची खूण कपाळी घेऊन आपल्या प्रायश्चित्तकाळात प्रवेश केला. आणि त्याच सप्ताहात मुसलमान बांधवांचे रमजानचे रोजे सुरू झाले. असा योग आला की वर्तमानपत्रांतून सलोख्याचे चार शब्द लिहिले जातात, आणि ते शब्द मनापासूनचेच असतात. परंतु दुसऱ्याच्या व्रताचा आदर करावयाचा तर ते व्रत माणसाकडून नेमके काय मागते, हे विचारण्याचे कष्टही घेतले पाहिजेत. मी एकादशी पाळणाऱ्या घरात वाढलो आणि माझे आयुष्य भोर-वेल्ह्याच्या डोंगरात गेले. तरीही आज ख्रिस्ती प्रायश्चित्तकाळाविषयी लिहावेसे वाटते, कारण त्या व्रताच्या पोटात जो एक हिशेब दडलेला आहे, तो आमच्या या दोन तालुक्यांना आणि त्यांच्या पाण्यावर नांदणाऱ्या पुणे शहराला आज जसा लागू पडतो तसा क्वचितच कशाला लागू पडत असेल.

या काळाची घडण प्रथम पाहिली पाहिजे. राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस भरतात ४६. त्यांतून सहा रविवार वगळले, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा वार असल्यामुळे त्या दिवशी उपवास करावयाचा नसतो, म्हणजे उरतात ४०. आणि ख्रिस्ताने अरण्यात अन्नावाचून काढलेल्या चाळीस दिवसांचे स्मरण म्हणून ही संख्या पवित्र मानली जाते. इ. स. ३२५ साली नायसिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेच्या नियमांतही या चाळीस दिवसांचा उल्लेख आहे. पूर्वी या व्रताचे स्वरूप फार कडक होते: दिवसाकाठी एकच भोजन, तेही सायंकाळी, आणि त्यातही मांस, अंडी व दूधदुभते वर्ज्य. आज सक्तीचे उपवास दोनच राहिले आहेत, एक राखेच्या बुधवारी आणि दुसरा गुड फ्रायडेस, म्हणजे उत्तम शुक्रवारी. त्या दिवशी एकदाच पोटभर जेवावे, दोन वेळा थोडेसे खावे, आणि प्रायश्चित्तकाळातील सर्व शुक्रवारी मांस टाळावे, एवढीच आज्ञा उरली आहे. उपवासाचे बंधन वयाच्या १८ व्या वर्षापासून साठी लागेपर्यंत, मांसवर्जनाचे १४ व्या वर्षापासून. आजारी माणूस, गरोदर बाई, अंगमेहनतीवर पोट असलेला मजूर, यांना जुन्या परंपरेनेच सूट आहे. बाकी काय सोडावे हे ज्याने त्याने आपल्या मनाशी ठरवावयाचे असते, आणि त्याप्रमाणे कोणी मद्य सोडतो, कोणी गोडधोड, कोणी रात्रीची करमणूक.

येथपर्यंत आपल्याकडील व्रतस्थ माणसाला काही अपरिचित वाटणार नाही. वेगळेपण पुढे आहे. उपवास, प्रार्थना आणि दान या तीन गोष्टी ख्रिस्ती परंपरेने या काळात एकत्र बांधल्या, आणि पाचव्या शतकात राव्हेना नगरीचे धर्माध्यक्ष असलेल्या संत पीटर क्रिसोलॉगस यांनी आपल्या प्रवचनांतून असे बजावून ठेवले की या तिहींपैकी एकच करणाऱ्याने काहीच केले नाही असे समजावे. उपवासाने जे अन्न वाचले ते वाचवणाऱ्याचे राहत नाही, त्यावर भुकेल्याचा हक्क लागतो, अशी या शिकवणुकीची रोकठोक मांडणी आहे. पश्चिम जर्मनीतील कॅथॉलिक धर्माध्यक्षांनी कोलोनचे कार्डिनल फ्रिंग्ज यांच्या प्रेरणेने १९५८ साली ‘मिझेरिओर’ ही संस्था काढली ती याच पायावर: प्रायश्चित्तकाळात घरोघर जे वाचेल ते एकत्र करून जगातील भूक आणि रोगराई यांच्या निवारणासाठी पाठवावयाचे. स्वतःची शहरे बेचिराख झालेली पाहून जेमतेम तेरा वर्षे उलटली होती अशा लोकांनी ते काम अंगावर घेतले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. आपल्या देशात कॅरितास इंडिया ही संस्था दर वर्षी याच काळात भूक आणि रोग यांविरुद्धची मोहीम चालवते.

आमच्या व्रतांत दान नाही असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. एकादशीनंतर द्वादशीला अतिथीला जेवू घातल्याखेरीज पारणे न सोडणारी माणसे मी पाहिली आहेत, उद्यापनाचा सारा अर्थच दानात आहे, आणि विनोबांनी सर्वोदयपात्राची कल्पना मांडली तेव्हा घरातील लहान मुलाच्या हाताने रोज मूठभर धान्य समाजासाठी बाजूला काढवून घेण्यामागे हीच दृष्टी होती. तरीपण प्रामाणिकपणे पाहिले तर आज आमच्या उपवासाच्या दिवशी घरात अन्नाचा खर्च घटत नाही, वाढतोच. साबुदाणा, बटाटा, रताळे, शेंगदाणे, मिरची हे ज्यांच्यावाचून आमचा फराळ सजत नाही ते सारे पदार्थ अमेरिका खंडातील वनस्पतींपासून आलेले आहेत आणि बहुतांशी पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर या किनाऱ्यावर पोचले, म्हणजे ज्या गलबतांतून प्रायश्चित्तकाळ कोकणात उतरला त्यांचे आमच्या एकादशीवरही ऋण आहे. उरली वरई. ती मात्र आमचीच. वेल्ह्याच्या उतारांवर, जिथे नांगर नीट चालत नाही अशा वरकस जमिनीत, नाचणीच्या शेजारी ती पिकत आली आहे, आणि ज्यांनी ती पिकवली त्यांना भाताच्या अभावी खावे लागणारे ते नित्याचे अन्न होते. शहरातल्या घराने जे व्रत म्हणून खाल्ले तेच डोंगरातल्या घराने नाइलाज म्हणून खाल्ले, ही गोष्ट मला उपवासाच्या विचारात फार महत्त्वाची वाटते. ज्याच्या घरी अन्न आहे त्यालाच उपवास करता येतो. ज्याच्या घरी नाही त्याची नुसती उपासमार होते.

कॅथॉलिक धर्मसत्तेला हा भेद ठाऊक आहे. पोप सहावे पॉल यांनी १७ फेब्रुवारी १९६६ रोजी उपवासाचे जुने नियम शिथिल करणारे जे आज्ञापत्र काढले, त्यात त्यांनी संपन्न देशांतील ख्रिस्ती जनांना सांगितले की तुमची सुबत्ता जितकी अधिक तितका तुमचा संयम अधिक दिसला पाहिजे, आणि दारिद्र्याने गांजलेल्यांसाठी तुमचा हात देशाच्या सीमा ओलांडून पुढे आला पाहिजे. गरीब देशांतील श्रद्धावंतांना मात्र त्यांनी नवे कष्ट लादून घेण्यास सांगितले नाही, तर सामाजिक न्यायासाठी सर्व मार्गांनी झटत असतानाच जे कष्ट वाट्यास आले आहेत तेच प्रार्थनेत अर्पण करावे, असे सुचवले. एका आज्ञापत्रात दोन वेगवेगळ्या लोकांना दोन वेगवेगळी कर्तव्ये नेमून द्यावीत, हा मला त्या दस्तऐवजाचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो. त्याग सर्वांकडून सारखा मागणे हा न्याय नसतो.

आता हे सारे आमच्या डोंगरात आणून पाहू. युरोपातील शेतकऱ्याच्या जीवनात प्रायश्चित्तकाळ हिवाळ्याच्या अखेरीस येई. कोठारातले धान्य आणि खारवलेले मांस सरत आलेले असे, नवे पीक दूर असे, आणि धर्माने सांगितलेला उपवास ऋतूने लादलेल्या टंचाईशी जुळून जाई. आमच्या मावळात तो माघ-फाल्गुनात लागतो आणि चैत्रात संपतो. या दिवसांत आमच्याकडे अन्नाची टंचाई नसते. कार्तिक-मार्गशीर्षात झोडलेला आंबेमोहर किंवा इंद्रायणी अजून कणगीत असतो, आणि भुकेचे दिवस पूर्वी होते तेव्हाही ते श्रावण-भाद्रपदात, पीक उभे असताना येत. फाल्गुनात आमच्याकडे जे आटते ते पाणी. ज्या तालुक्यांत पावसाळ्यात छत्री उघडून उपयोग होत नाही असा पाऊस कोसळतो, त्याच तालुक्यांत होळीनंतर डोंगरमाथ्यावरील वस्त्यांचे झरे बारीक होतात, बाया पहाटे उठून वाटीवाटीने हंडा भरतात, आणि पाडव्यानंतर टँकरची वाट पाहणे सुरू होते. म्हणून मला वाटते की सह्याद्रीतील प्रायश्चित्तकाळाचा विषय पाणी हाच असला पाहिजे. अन्नाचा उपवास ज्याला करावयाचा आहे त्याने तो अवश्य करावा, परंतु या भूमीने आणि या ऋतूने जो उपवास मागितला आहे तो पाण्याचा आहे.

हा विचार मी ख्रिस्ती धर्मावर बाहेरून लादतो आहे असे कोणी समजू नये. प्रायश्चित्तकाळ मुळात बाप्तिस्म्याच्या, म्हणजे जलसंस्काराच्या, तयारीचा काळ म्हणून वाढला, आणि ईस्टरच्या पूर्वरात्री पाण्यावर आशीर्वाद मागून तो पुरा होतो. यंदाच्या वाचनक्रमाप्रमाणे ८ मार्चला, प्रायश्चित्तकाळाच्या तिसऱ्या रविवारी, जगभरच्या कॅथॉलिक देवळांतून जो शुभवर्तमानाचा भाग वाचला जाईल, तो याकोबाच्या विहिरीवर भर दुपारी पाणी भरावयास आलेल्या शोमरोनी स्त्रीचा आहे. थकलेला, तहानलेला ख्रिस्त तिच्यापाशी पाणी मागतो, आणि ती चकित होते, कारण यहुदी लोक शोमरोन्यांच्या भांड्याला स्पर्श करीत नसत. ही कथा महाराष्ट्राला समजावून सांगावी लागत नाही. भोरहून वरंध घाट उतरला की महाड येते, आणि तेथील चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी जो प्रश्न विचारला, तो याच विहिरीवरचा प्रश्न होता: पाणी कोणाचे, आणि ते मागण्याची, देण्याची, भरण्याची योग्यता कोण ठरवणार? त्या शोमरोनी बाईचे मला विशेष वाटते ते हे की ती दुपारच्या उन्हात एकटी पाण्याला आली होती. भर उन्हात हंडा डोक्यावर घेऊन निघालेली बाई आमच्या डोंगरात आजही दिसते, आणि देवळात ती कथा ऐकणारा पुण्याचा श्रोता ज्या नळाचे पाणी पितो त्या नळाचा उगम त्याच डोंगरात आहे.

ही धरणांची कैफियत थोडी सविस्तर मांडली पाहिजे. इंग्रजी अंमलात भोर संस्थानच्या हद्दीत, वेळवंडी नदीवर, भाटघरचे मोठे धरण १९२७-२८ च्या सुमारास पुरे झाले आणि नीरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस या दुष्काळी तालुक्यांत ऊस उभा राहिला. त्या धरणाच्या तळाशी वेळवंड खोऱ्यातील शेते गेली. उन्हाळा चढून पाणी फार ओसरले म्हणजे कांबरे गावच्या कांबरेश्वराचे जुने देऊळ अजूनही उघडे पडते, आणि त्या वेळी आसपासच्या गावची माणसे दर्शनाला जातात. पुढे स्वराज्यात आंबी नदीवर पानशेत झाले, मोसे नदीवर वरसगाव झाले, भोरच्या पश्चिमेस नीरा-देवघर झाले, कानंदीवर गुंजवणी झाले. पानशेतची आठवण पुणेकरांच्या मनात कायम आहे ती १२ जुलै १९६१ च्या प्रलयाची. त्यात शहराचे जे नुकसान झाले ते खरेच भयंकर होते आणि ती आठवण राहणे स्वाभाविक आहे. परंतु त्या धरणासाठी ज्यांची घरे आणि भातखाचरे कायमची बुडाली, ज्यांच्यातील कित्येक कुटुंबांना डोंगर सोडून पूर्वेकडच्या सपाट तालुक्यांत नवी गावठाणे वसवावी लागली, त्यांच्यासाठी शहराच्या स्मरणात एखादी तारीखही नाही. वेल्ह्याला आता राजगड तालुका असे गौरवाचे नाव मिळाले आहे. तोरणा आणि राजगड या दोन किल्ल्यांच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना ते नाव प्रिय आहेच, पण नावाने रांजण भरत नाही.

अशा विस्थापितांविषयी सभासमारंभांतून बोलताना ‘धरणग्रस्तांचा त्याग’ असा शब्दप्रयोग सर्रास केला जातो, आणि माझा खरा आक्षेप येथे आहे. जे मागून, समजावून, संमती घेऊन दिले गेले तो त्याग. जे भूसंपादनाच्या नोटिशीने काढून घेतले गेले त्याला त्याग म्हणणे म्हणजे घेणाऱ्याने आपल्या मनाचे समाधान करून घेणे होय. ख्रिस्ती श्रद्धेचा सारा गाभा या भेदावर उभा आहे, कारण ख्रिस्ताचे बलिदान ख्रिस्तजनांना तारक वाटते ते त्याने ते स्वेच्छेने पत्करले म्हणून. जबरीने घेतलेल्या वस्तूचे पुण्य देणाऱ्याच्या खाती जमा होत नाही आणि घेणाऱ्याच्या खाती तर नाहीच नाही. तेथे उरते ते देणे, आणि देणे फेडण्याचा मार्ग एवढाच की ज्याला लाभ झाला त्याने आता आपल्या इच्छेने काही सोडावे. प्रायश्चित्त या शब्दाला या प्रकरणात जितकी जागा आहे तितकी दुसरीकडे क्वचितच असेल.

म्हणून माझी सूचना अशी आहे. शहरी पाणीपुरवठ्यासाठी सरकारी मानक दरडोई दररोज १३५ लिटरचे आहे. ग्रामीण भागासाठी जलजीवन मिशनने ठरवलेले मानक ५५ लिटरचे. पुण्यातील कॅथॉलिक कुटुंबांनी, आणि त्यांच्याबरोबर ज्यांना पटेल त्या सर्व पुणेकरांनी, या चाळीस दिवसांत रोज माणशी ५५ लिटरांत राहून पाहावे. चौघांच्या घराला २२० लिटर होतात. त्यांत स्वयंपाक, पिणे, स्नान, धुणे, भांडी आणि शौच हे सारे भागवावयाचे. शॉवर बंद, गाडी धुणे बंद, गॅलरीतून पाणी सोडणे बंद, यंत्रात अर्धे कपडे टाकून ते फिरवणे बंद. मांस सोडण्यापेक्षा हे अधिक कठीण जाईल असा माझा अंदाज आहे, कारण मांसाचा दिवस आठवड्यातून एकदोनदा येतो आणि पाण्याला हात लावल्यावाचून एक प्रहरही जात नाही. प्रत्येक वेळी तोटी फिरवताना माणसाला आठवण होईल, आणि आठवण होणे हाच तर व्रताचा हेतू. पण क्रिसोलॉगसचा दंडक येथे विसरून चालणार नाही. वाचवलेले पाणी पुन्हा शहरातच कुठे तरी जिरून गेले तर उपवास अपुरा राहिला. म्हणून प्रत्येक घराने या काळात बाटलीबंद पाण्यावर, टँकरवर, हॉटेलांवर होणारा जो खर्च वाचला तो बाजूला काढावा, आणि ती रक्कम धर्मग्रामाच्या, म्हणजे पॅरिशच्या, पेटीतून वेल्हे आणि भोर तालुक्यांतील वरच्या वस्त्यांच्या पाण्यासाठी पोचवावी.

यावर आक्षेप येतील. पहिला, की पुण्यात कॅथॉलिक असे कितीसे आहेत? थोडे आहेत, पण पेशवाईपासून आहेत. सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, १७९२ साली, पेशव्यांच्या फौजेतील पोर्तुगीज ख्रिस्ती अंमलदारांना देवळासाठी जागा मिळाली आणि आज ज्याला सिटी चर्च म्हणतात ते त्या जागेवर उभे राहिले. ख्रिस्तचरित्र मराठी ओवीत गाणारे फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले, म्हणजे या धर्माचे मराठीतले वास्तव्य चार शतकांहून जुने आहे. असा समाज संख्येने लहान असला तरी एखादी रीत पाडून दाखवण्यास मोठा पुरेसा असतो, आणि ज्यांच्या पंचांगातच चाळीस दिवस संयमासाठी राखून ठेवलेले आहेत त्यांना ती पाडणे इतरांपेक्षा सोपे आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पाणी देणे हे सरकारचे काम, त्यासाठी जिल्हा परिषद आहे, अंदाजपत्रकात तरतूद आहे, मग दानाची भाषा कशाला? सरकारला त्याच्या जबाबदारीतून सूट द्यावी असे माझे मुळीच म्हणणे नाही. पोप पॉल यांच्या आज्ञापत्रातही सामाजिक न्यायासाठी झटण्याची अट प्रार्थनेच्या आधी आहे. परंतु लोकांनी स्वतःवर घालून घेतलेल्या बंधनातून काय उभे राहते याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात पाणलोटाचे जे काम उभे केले, आणि ज्यातून संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारखी उजाड गावे पुन्हा हिरवी झाली, त्यात पैसा बाहेरून आला तरी पहिली अट गावासाठी होती: श्रमदान करा, डोंगरावर मोकाट चराई बंद ठेवा, झाडावर कुऱ्हाड चालवू नका. ज्याच्याकडे शेळ्यांवाचून दुसरे धन नाही अशा माणसाला चराईबंदी म्हणजे काय हे शहरातून कळणे कठीण आहे. तो त्या गावाने वर्षानुवर्षे केलेला उपवास होता, आणि त्याचे फळ विहिरींच्या पातळीत दिसले. गावे असा संयम पाळू शकतात हे सिद्ध झालेले आहे. शहराने तो पाळल्याचे उदाहरण मला अजून पाहावयाचे आहे.

आमच्याकडे काम मोठे नाही, पण त्याला मुदत आहे. वरच्या वस्त्यांना नव्या धरणाची गरज नाही. जुन्या झऱ्यांची तोंडे मोकळी करणे, विहिरींतला गाळ उपसणे, उतारावर चर खणणे, घराघराच्या पन्हाळीखाली पावसाचे पाणी धरणाऱ्या टाक्या बसवणे, एवढ्याने पुष्कळ भागते, आणि हे सारे पाणी तळाला गेल्यावर आणि मृगाच्या आत करावे लागते. यंदा ईस्टर ५ एप्रिलला आहे. त्यानंतर दोन आठवड्यांत अक्षय्य तृतीया येते, ज्या दिवशी पाण्याने भरलेला घट दान देण्याची आपली फार जुनी रीत आहे, आणि १ मे रोजी गावोगाव ग्रामसभा भरतात. पुण्यातील धर्मग्रामांनी ईस्टरनंतर आपली पेटी उघडावी, ज्या वस्त्यांना द्यावयाचे त्यांच्या पंचांशी आणि बायांशी आधी बोलून कामे ठरवावीत, घट द्यावयाचा असेल त्या हिंदू घरांनीही आपले दान त्यातच मिळवावे, आणि १ मेच्या ग्रामसभेत तो जमाखर्च उभ्याने वाचून दाखवून दफ्तरी रुजू करावा, म्हणजे मे महिन्याचे चार आठवडे कुदळीला मिळतील.